पैसे फिटले, वॉरंट नाही फिटलं



भातलागणीच्या दिवसांत इथं रोपांची, चिखलणीची नोंद असते. आज कोर्टाची नोंद लिहितोय. दुकानात सही करून चेक ठेवणारा मी काही एकटा नाही.

गेल्या आषाढात कोयनेच्या पावसात लागण चालली होती. बांधावर हवालदार येऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, तुमच्या नावाचं अजामीनपात्र वॉरंट हाय. सकाळी पाटणला कोर्टात हजर व्हा, न्हाईतर मला न्यावं लागंल." सगळी लागण थांबली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं नाव चुकलंय, कारण पैसे फेडून आठ महिने झाले होते.

झालं होतं असं. बियाणं, खत आणि पॉवर वीडरचे ६४ हजार उधार होते. त्यापोटी दिलेला चेक वटला नाही. नोटीस आली, पंधरा दिवसांत पैसे जमले नाहीत, केस झाली. पहिल्या तारखेला जाऊन जामीन घेतला. दिवाळीनंतर भात विकून सगळी रक्कम दिली. दुकानदारानं वहीत "हिशेब पूर्ण" लिहिलं आणि म्हणाला, "आता तारखेला यायची गरज नाही, वकिलांना सांगतो." मी गेलो नाही. त्यानं सांगायचं राहिलं की वकिलांनी विसरलं, देव जाणे. कोर्टाच्या कागदावर मी फक्त तारखा चुकवणारा आरोपी होतो.

इथंच आपली गफलत होते. चेक बाउन्सचं कलम १३८ फौजदारी आहे. गुन्हा जामीनपात्र असला तरी आरोपी तारखांना येत नाही म्हटल्यावर कोर्ट अजामीनपात्र वॉरंट काढू शकतं. एकदा निघालेलं वॉरंट बजावलं जाईपर्यंत किंवा तेच कोर्ट रद्द करेपर्यंत जिवंत राहतं. दुकानदाराच्या वहीनं ते मरत नाही. पोलीस ठाण्यात पावती दाखवूनही नाही, कारण रद्द करायचा अधिकार पोलिसांना नाहीच.

मग मी काय केलं? दुसऱ्या दिवशी वकील घेऊन स्वतः कोर्टापुढं उभा राहिलो. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला. गैरहजेरीचं कारण खरं खरं लिहिलं, पैसे दिल्याची पावती आणि बँकेचा उतारा जोडला. साहेबांनी थोडा दंड लावला, नवा जातमुचलका घेतला आणि वॉरंट रद्द केलं. त्या आदेशाची नक्कल घेऊन मीच ठाण्यात पोचवली. पण एवढ्यानं केस संपली नव्हती. पुढच्या तारखेला दुकानदाराला सोबत नेलं, दोघांच्या सह्यांची तडजोडीची पुरसीस दिली, तेव्हा कुठं केस निकाली निघाली. कलम १४७ प्रमाणं ह्या गुन्ह्यात तडजोड करता येते.

तडजोड लवकर केलेली बरी. २०१० च्या दामोदर प्रभू निकालात सुप्रीम कोर्टानं उशिरा तडजोड करणाऱ्याला खालच्या कोर्टात चेकच्या रकमेच्या १० टक्के भरायला सांगितलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये गोव्यातून गेलेल्या तारी विरुद्ध बोरकर खटल्यात ते बदललं. आरोपीचा बचावाचा पुरावा सुरू होण्याआधी चेकची रक्कम भरली तर जादा काही न लावता तडजोड होऊ शकते. त्यानंतर पण निकालाआधी भरली तर ५ टक्के. अपिलात गेलं की ७.५, सुप्रीम कोर्टात १०. पैसे ऑनलाइन भरायची सोय जिल्हा कोर्टांनी करावी, असंही त्याच निकालात आहे.

आता माझं मत. दुकानदाराचेही पैसे अडकतात, त्याच्यासाठी हे कलम हवंच. पण पैसे घेणाऱ्यानं ते मिळाल्याचं कोर्टाला ठरावीक दिवसांत कळवायचं बंधन असावं. आज ते ओझं देणाऱ्याच्या डोक्यावर आहे. फेडणाऱ्याला बांधावरून उचलायची पाळी येते, हा न्याय नव्हे. पण तसा नियम होईपर्यंत आपणच शहाणं व्हायला पाहिजे.

कोण म्हणेल, विश्वासाच्या व्यवहारात कागद कशाला? विश्वास ठेवाच, पण शेवटचा हप्ता कोर्टात पुरसीसवर सह्या होताना द्या. रोख देऊ नका, बँकेतून द्या. पावतीवर केस नंबर लिहून घ्या. "येऊ नका" असं समोरचा कितीही म्हणो, केस निकाली निघाल्याचा आदेश हातात येईपर्यंत प्रत्येक तारखेला जा. लागण असली तर वकिलामार्फत गैरहजेरीचा अर्ज द्या. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर आपल्या नावानं केस शोधता येते, पोराला बघायला सांगा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आणि कोरा चेक? सही आपली असली की तो देण्यापोटीच दिला असं कोर्ट आधी धरतं, बाकीचा मजकूर दुसऱ्यानं भरला तरी. तसं नव्हतं हे आपल्याला दाखवावं लागतं. ठेवावाच लागला तर रक्कम आणि तारीख घालून ठेवा, झेरॉक्स काढा. पैसे फिटले की चेक परत मागा.

त्या दिवशी राहिलेली लागण तीन दिवसांनी झाली. रोप वयात जास्त झालं होतं, फुटवा कमी आला. पिकाचं नुकसान पुढच्या साली भरून निघेल. बायकांसमोर हवालदार बांधावर आला ते मात्र गाव अजून काढतंय.