टाकीत टिकतो म्हणून…

खाऱ्या पाण्याची टाकी पहिल्यांदाच लावणाऱ्या माणसाला जे दोन-तीन मासे सुचवले जातात, त्यांत बांगाई कार्डिनलचे नाव बहुधा असतेच. जेमतेम आठ सेंटीमीटर लांबी, चंदेरी अंगावर काळे उभे पट्टे, लांब परांवर पांढरे ठिपके आणि एकाच जागी शांत तरंगत राहण्याची सवय. एका जोडीला शंभर-सव्वाशे लिटर पाणी पुरते. गोठवलेले बारीक कोळंबीसारखे खाद्य तो खातो, दुसऱ्या माशांच्या वाटेला जात नाही. पथ्य एकच : घोळका ठेवू नये. लहानपणी गुण्यागोविंदाने राहणारी पिल्ले मोठी झाली की भांडतात आणि शेवटी टाकीत एक जोडी तेवढी उरते.

तेव्हा हा मासा टाकीसाठी योग्य का, या प्रश्नाला हौशी मंडळी बेधडक ‘हो’ म्हणतात. ते चूक नाही. या माशाचे दुर्दैव मात्र त्या ‘हो’मध्येच आहे.

त्याचे मूळ घर जगात एकच, इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या पूर्वेचा बांगाई द्वीपसमूह. शास्त्रीय नोंद 1933 सालची. पुढे साठ वर्षे कोणी त्याकडे फिरकले नाही. 1994 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ जेराल्ड ॲलन यांना तो पुन्हा समुद्रात दिसला, आणि काही वर्षांतच त्याची बाजारपेठ उभी राहिली. या शतकाच्या सुरुवातीला वर्षाला सहा ते नऊ लाख मासे पकडले जात असल्याचे अंदाज आहेत. समुद्रातली त्यांची एकूण संख्या त्या काळात सुमारे 24 लाख मानली जात होती. 2007 मध्ये तो धोक्यातील प्रजातींच्या जागतिक यादीत गेला.

इतर मासेही पकडले जातात, मग हाच का संपावा? प्रवाळांत राहणाऱ्या बहुतेक माशांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात आणि रिकामी झालेली जागा भरतात. बांगाई कार्डिनलचे तसे नाही. मादीने घातलेली अंडी नर तोंडात घेतो आणि तीनेक आठवडे जपतो. अंडी फुटल्यावरही पिल्ले आठ-दहा दिवस बापाच्या तोंडातच असतात. एवढे दिवस तो खात नाही. मग जेमतेम काही डझन पिल्ले बाहेर पडतात आणि तिथल्या तिथेच, लांब काट्यांच्या सी अर्चिनमध्ये किंवा समुद्रफुलांच्या आडोशाला राहतात. म्हणून काही किलोमीटरवरच्या दोन वसाहतींतही जनुकीय फरक आढळतो. एक जागा उपसली की शेजारून कोणी येत नाही. त्यातच सी अर्चिन आणि समुद्रफुलेही माणसे गोळा करतात. म्हणजे आडोसाही जातो.

गंमत अशी, की याच सवयीमुळे त्याची पैदास टाकीत सोपी होते. इतर सागरी माशांच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पिल्लांना काय भरवायचे, हीच मोठी अडचण असते. याची पिल्ले बाहेर येतात तीच ताजे आर्टेमिया खाण्याइतकी मोठी. हौशी लोकांनी हे 1990च्या दशकातच घरी करून दाखवले. थायलंडमध्ये तर व्यापारी पैदास होते. तरीही समुद्रातून मासे काढले जातात, कारण ते स्वस्त पडतात. बांगाईतल्या मच्छीमाराच्या हाती एका माशामागे काही सेंट पडत. पुढे दाटीवाटीच्या साठवण टाक्यांत विषाणूची लागण होते आणि ‘काटक’ म्हणून विकलेला मासा घरी येऊन मरतो. मालक पाण्याला दोष देतो.

वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘साइट्स’ करारात त्याला घेण्याचा प्रस्ताव 2007 आणि 2016 असा दोनदा आला आणि दोनदा मागे घेतला गेला. बेटांवरच्या लोकांच्या पोटाचा मुद्दा यात आहे आणि तो खोटा नाही. थायलंडात वाढलेल्या माशाचा पैसा बांगाईत पोहोचत नाही. पण काही सेंटांसाठी वसाहतीच संपल्या, तर तो धंदा तरी किती दिवसांचा? पैदास बांगाईतच, तिथल्याच माणसांच्या हातून व्हावी, हे त्यातल्या त्यात न्याय्य. 2018 मध्ये इंडोनेशियाने वर्षातले काही महिने तिथे मासेमारी बंद ठेवण्याचा नियम केला. तेवढ्याने भागेल असे वाटत नाही.

मुंबई-पुण्याच्या हौशी माणसाला हे सारे दूरचे वाटेल. पण दुकानात दोन गोष्टी त्यालाही करता येतात. मासा टाकीत जन्मला की समुद्रातून आला, हे विचारायचे, आणि तो गोठवलेले खाद्य खाताना पाहायचा. उत्तर गुळमुळीत आले, तर मासा तिथेच राहू द्यावा. ‘निमो’ म्हणून पोरांना ठाऊक असलेल्या क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने कधीच बसवले आहे. टाकीत जन्मलेली त्याची जोडी मिळाली, तर पहिल्या टाकीला तीही छान शोभते.