बाही वर करायला जागा हवी

बीपीच्या गोळीची आता तशी टंचाई नाही. २०१७ साली भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आमचा वर्धा होता. अम्लोडिपिन सरकारी केंद्रात मोफत मिळते. तिशीपुढच्या बायकांचे फॉर्म भरायला आशाताई दारात येतात. बोरगाव मेघेहून सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडची मोठी रुग्णालये ऑटोच्या अंतरावर. तरी आमच्या खाला आणि फुफू गोळी मध्येच का सोडतात?

मला वाटते, घोडे अडते ते तपासणीच्या जागेपाशी. शिबिरात रांग असते, आजूबाजूला पुरुष. बाई बुरख्याची बाही वर करत नाही, तपासणाराही घाईत पट्टा कापडावरूनच बांधतो. अशा आकड्याचा काय भरवसा? दंड उघडा हवा, हात टेबलावर टेकलेला हवा आणि आधी पाच मिनिटे शांत बसायला हवे. एकदा आकडा बरा दिसला की खाला म्हणतात, ‘अब ठीक हो गया,’ आणि गोळी बंद! तो आकडा गोळीमुळेच खाली आला, हे समजावून सांगायला तिथे सवड कोणाला असते?

बचत गटाच्या बायकांना ती असते. त्या हप्त्यासाठी दर महिन्याला जमतातच. तिथेच वहीत प्रत्येकीचा आकडा लिहावा. तो पुन्हा पुन्हा १४०/९० च्या वर गेला, तर कोणीतरी सोबत दवाखान्यात जावे. दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम मीठ पुरे. त्यात पापड-लोणच्याचेही आले, हे शेजारणीने सांगितले की पटते. रमजानआधी गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून घ्यायची आठवणही तिथेच होईल.

लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांचा रक्तदाब न्हाव्याच्या दुकानात तपासून तिथेच फार्मासिस्टकडून औषध सुरू करून पाहिले. रक्तदाब चांगलाच उतरल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथले न्हावी ओळखीचे, दुकान आपले. आमच्या बायकांची अशी हक्काची जागा कोणती?

मशीद कमिट्या कूलरसाठी, लाउडस्पीकरसाठी चंदा करतात. बीपीचे डिजिटल यंत्र दीड-दोन हजारांत येते. बायकांनी घरीच मोजावे, असे कोणी म्हणेल. जरूर मोजावे, पण घरात सगळ्यांचे डबे झाल्यावर बाईला स्वतःची गोळी आठवते. म्हणून महिन्यातून एक दुपार मदरशाची खोली बायकांना द्या. किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या.