गोधडीची माया आणि शिवणीचे दाम

गोधडीबद्दल आपल्याकडे भरभरून बोललं जातं. आजीची माया, आईच्या लुगड्याची ऊब, वगैरे. तिच्या शिवणीला लागणाऱ्या हिशेबाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मायेचा गौरव केला की मजुरीचा विषय टळतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

घरची वाकळ शिवताना जुन्या लुगड्यांच्या थरांवर तुकडे ठेवून धावदोरा घालतात. तुकडा मोठा झाला तर शेजारच्याखाली सरकवता येतो. विक्रीसाठी चौकोन जोडून केलेल्या गोधडीत ही सोय नाही. तिथे चार चौकोनांचे कोपरे एका ठिकाणी यावे लागतात. नाही आले तर माल परत येतो.

समजा, शिवणीसाठी पाव इंच, म्हणजे दोन सूत कापड सोडायचं आहे. शिवण अर्धा सूत आत गेली तर दोन्ही तुकडे मिळून एक सूत जातं. ओळीत ८ चौकोन, म्हणजे ७ शिवणी. ओळ ७ सुतांनी, जवळजवळ एक इंचाने आखडली! शेजारची ओळ दुसरीने अचूक शिवली असेल, तर कोपरे जुळणार कसे? म्हणून नवं कापड आधी धुऊन घ्यायचं, उभ्या-आडव्या धाग्यावर कापायचं, कारण तिरपं कापलेलं ताणलं जातं. एका ओळीतल्या शिवणी इस्त्रीने डावीकडे वळवायच्या, पुढच्या ओळीतल्या उजवीकडे, म्हणजे जोडताना त्या एकमेकींना घट्ट भिडतात. तिथेच टाचणी लावायची आणि मगच मशीनवर घ्यायचं.

मोजणं, कापणं, इस्त्री, टाचणी, चुकलेलं उसवणं या सगळ्या वेळात मशीन बंदच असतं. नगाचा दर ठरवताना हा वेळ धरलाच जात नाही. 'बायकांच्या हातात कला असतेच' एवढं म्हणून भागवलं जातं.

अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्या जोडून घरी बसून खोळी शिवणाऱ्या बायकांना १९७२ साली स्थापन झालेल्या 'सेवा' संघटनेने एकत्र आणलं आणि नगाच्या दराचा प्रश्न मांडला. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १७७ क्रमांकाच्या करारानेही घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी, हे तत्त्व मान्य केलं.

आपल्या गटांनी एवढं तरी करावं. एक गोधडी पहिल्या मापापासून शेवटच्या टाक्यापर्यंत घड्याळ लावून शिवून बघावी आणि त्यावरून दर मागावा. कापणीसाठी सगळ्यांना एकाच मापाचा साचा द्यावा. परत आलेल्या मालाचा तोटा शेवटी शिवणारीच्या माथी मारू नये. चूक कापणीत झाली असेल, पाचव्या शिवणीत झाली असेल. दिसते मात्र तिच्या हातात.

'छान शिवतेस गं' असं म्हणून कुणाचं पोट भरत नाही. तिने किती तास शिवलं, ते आधी मोजू या.