एक कान, दोन न्याय

रसिकाने एखाद्या गाण्याकडे पुन्हा पुन्हा का वळावे, या प्रश्नावर मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा भावगीत समोर ठेवून. सुरांची मोहिनी, शब्दांचे मार्दव, सरलेल्या दिवसांचा दरवळ अशी कारणे दिली जातात. ती खोटी नाहीत. पण आम्ही राहतो त्या ओझरात, गावठाणात काय आणि विमान कारखान्याच्या वसाहतीत काय, माणसे वर्षानुवर्षे ज्या गाण्यांकडे परततात त्यांत वामनदादा कर्डकांची गाणी आहेत. याच नाशिक जिल्ह्यातील देशवंडीचा हा कवी (१९२२–२००४) आस्वादाच्या चर्चेत क्वचितच येतो. आलाच तर 'चळवळीचे गीतकार' या कप्प्यातून. आमचा आक्षेप त्या कप्प्याला आहे.

या गाण्यांवर आरोप दोन. पहिला, चाली उसन्या. वामनदादांनी हिंदी चित्रपटगीतांच्या चाली घेतल्या, हे खरेच. परंतु 'मानापमान'ची (१९११) कितीतरी पदे गोविंदराव टेंब्यांनी प्रचलित ठुमऱ्यांच्या चालींवर बेतली, तिला आपण प्रतिभा म्हणतो. दुसरा आरोप, गाणी प्रसंगोपात्त; १४ एप्रिल आला की वाजणारी. मग 'गीतरामायण'? पुणे आकाशवाणीवर ते सुरू झाले तेच १९५५च्या रामनवमीला, आणि आजही रामनवमीला त्याचे कार्यक्रम होतात. त्यातील ५६ गीतांना कोणी प्रसंगोपात्त म्हणून बाजूस सारत नाही, सारूही नये. आमचे म्हणणे एवढेच, की माप एक असावे.

मग या गाण्यांकडे परतण्याचे कारण काय? वामनदादांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. ज्यांच्यासाठी ते गायले त्यांतील अनेकांच्या घरी पुस्तक नव्हते. त्यांचा ग्रंथसंग्रह कंठात होता. ध्रुवपद कवीने म्हणायचे, कोरसने उचलायचे, श्रोत्यांनी घरी न्यायचे. आपण कविता पुन्हा वाचतो, तेथे ती पुन्हा गायिली जाते. पुनर्वाचनाचीच ही दुसरी रीत. शिवाय भावगीत ऐकताना रसिक बहुधा गेलेला काळ आठवतो; येथे तो अजून न आलेला काळ मोजतो. गाण्यातील समतेचे वचन यंदा किती फळले, हा हिशेब दरवर्षी नव्याने मांडावा लागतो. तो मिटत नाही, म्हणून गाणे शिळे होत नाही.

साहित्याच्या अध्यापकांना आमची विनंती आहे. अभ्यासक्रमात एखादे गीत छापून हे ऋण फिटणार नाही. छापील पानावर चाल आणि कोरस गळून पडतात, आणि उरलेल्या शब्दांना 'सपाट' म्हणणे फार सोपे जाते. ते गाणे वर्गात ऐकवावे. जमल्यास विद्यार्थ्यांकडून म्हणवून घ्यावे. त्याच्या वाङ्मयीन मूल्याचा निकाल त्यानंतर द्यावा, आधी नव्हे.