जर्मनीतली खोली आणि सामायिक चूल

शिक्षणासाठी जर्मनीला निघालेल्या मुलामुलींचे पालक आधी एकच गोष्ट विचारतात, ‘तिथं आपली माणसं आहेत ना?’ काळजी रास्त आहे. तरीही वर्षभर फक्त आपल्याच माणसांत राहिल्यास निम्मं शिक्षण हातचं जातं, असं माझं मत आहे.

तिथं राहण्याच्या मुख्य सोयी दोन. ‘श्टुडिरेंडेनवेर्क’ या विद्यार्थी कल्याण संस्थांची वसतिगृहं स्वस्त असतात, पण म्युनिकसारख्या शहरांत प्रतीक्षायादी फार लांब. दुसरी सोय ‘वे-गे’ची. तीन-चार विद्यार्थी मिळून फ्लॅट घेतात. खोली ज्याची त्याची, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सगळ्यांचं. मुलंमुली एकत्र राहतात, तशा फक्त मुलींच्या वे-गेही असतात. नवा सोबती घेण्याआधी जुने रहिवासी त्याला भेटतात, त्याच्या सवयी विचारतात. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तीनपटीपर्यंत असू शकते; करार आणि खोली पाहिल्याशिवाय ती पाठवू नये.

मुस्लिम विद्यार्थ्याची खरी कसोटी स्वयंपाकघरात लागते. फ्रीजच्या शेजारच्या कप्प्यात डुकराचं मांस असेल, बियरही असेल. आपली कढई आणि कप्पा वेगळा हवा, हे पहिल्याच भेटीत सांगावं. सोबत्यांच्याही अटी असतात. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, म्हणून सहरीची भांडी न वाजवता उतरवावी लागतात. दीन सांभाळायचा आणि शेजाऱ्याची झोपही मोडायची नाही, हे तिथं रोजच्या व्यवहारातून अंगवळणी पडतं.

जर्मनीत सगळं आलबेल आहे, असं नाही. परकं नाव पाहून तिथंही खोली नाकारली जाते. मात्र २००६च्या समान वागणूक कायद्यात घरभाड्यातला भेदभावही येतो. त्यात पळवाटा आहेत, पण दाद मागायला जागा आहे. आपल्याकडं संविधानाचं कलम १५ मुख्यतः राज्यसंस्थेला बांधतं. खासगी घरमालकाला आवर घालणारा असा सर्वंकष कायदा नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा फक्त पारशांनाच सभासद करण्याचा नियम २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैध ठरवला.

मुंबई-पुण्यात नाव ऐकून घर नाकारलं की आपण संतापतो. तो संताप योग्यच आहे. असा कायदा इथंही हवा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. पण आपल्या मोहल्ल्यातला रिकामा फ्लॅट दुसऱ्या धर्माच्या किंवा जातीच्या विद्यार्थ्याला द्यायची वेळ आली, तर आपण काय करतो? अनोळखी माणसांसोबत वर्षभर एका चुलीवर रांधून परतलेली मुलगी हा प्रश्न घरात नक्की विचारेल. तिला गप्प बसवू नका.