त्याला कोणी विचारलं का?

महात्मा गांधींचा देवीच्या लसीला विरोध होता. 1913 साली 'इंडियन ओपिनियन'मधल्या आरोग्यावरच्या लेखमालेत त्यांनी तो स्पष्ट लिहिला. आम्हा वर्धेकरांना त्याचं फारसं नवल नाही. बापूंची मतं बापूंची, असं म्हणून आम्ही पुढे जातो. त्यांच्याच सेवाग्रामात आज कस्तुरबा रुग्णालय आहे आणि तिथे बाळांना रीतसर लसी टोचल्या जातात. लसीबद्दलचं त्यांचं मत मला मुळीच पटत नाही. पण त्या मतासाठी त्यांना कोणी मनोरुग्ण ठरवलं नाही, हेही खरं.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या नात्यातला एक दादा. घरच्या मंडळींना कोण ते कळेलच, म्हणून नाव लिहीत नाही. बरीच वर्षं तो स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेतो. 2021 मध्ये कोरोनाची लस आली तेव्हा तो नको म्हणाला. घरात लगेच निकाल लागला, "आजार बोलतोय त्याचा." त्याच आठवड्यात शेजारचे काका तापाच्या भीतीनं लस नको म्हणत होते. काकांचं ते 'मत' आणि दादाचं मात्र 'लक्षण'!

मी त्याला सरळ विचारलं, "काहून नको रे दादा?"

तो म्हणाला, "मागं दवाखान्यात चौघांनी धरून सुई टोचली होती. तवा मले कोणी विचारलं का? अन् या गोळ्या चालू असताना हे चालते का?"

आता सांगा, यात वेडेपणाचं काय आहे? पहिली भीती अनुभवातून आलेली, दुसरा प्रश्न तर कोणीही शहाणा माणूस विचारेल. डॉक्टरांनी सांगितलं, चालतं, फक्त गोळ्या बंद करू नका. दोन दिवसांनी तो स्वतःच बाही वर करून बसला.

एका दादावरून सगळ्यांचं ठरवू नये, म्हणून एक परदेशातला आकडा देतो. डेन्मार्कमध्ये 2021 साली मानसिक आजार असलेल्या लोकांना लसीबद्दल विचारलं गेलं. शंभरातले सुमारे 85 जण घ्यायला तयार होते. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण 90 च्या आसपास होतं. फरक आहे, पण आपण समजतो तेवढा मोठा नाही.

धोका मात्र मोठा होता. न्यूयॉर्कमधल्या 7,348 कोरोना रुग्णांच्या नोंदींत स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे 2.7 पट दिसली. वयाच्या खालोखाल हाच घटक भारी ठरला. ब्रिटननं गंभीर मानसिक आजार असलेल्यांना प्राधान्यगटात घेतलं. आपल्याकडे 1 मार्च 2021 पासून 45 ते 59 वयाच्या लोकांसाठी 20 आजारांची यादी होती. त्यात हृदयविकार, कर्करोग, अगदी आपल्या विदर्भातला सिकलसेलही होता. बौद्धिक अक्षमताही होती. स्किझोफ्रेनियाचं नाव नव्हतं.

शिवाय ओळखपत्राची अट. ज्याचं घरच सुटलंय, तो आधार कार्ड कुठून आणणार? मनोरुग्णालयात राहणाऱ्यांना ओळखपत्राशिवाय लस द्यायची सोय केंद्रानं केली ती मे 2021 मध्ये. म्हणजे यादीत नाव नाही, हातात कागद नाही, आणि वर आपण म्हणायचं की हे लोक लस घ्यायला तयार नसतात!

2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की आरोग्यसेवेत या लोकांना शारीरिक आजार असलेल्यांच्या बरोबरीनं वागवायचं. बरोबरी म्हणजे दादाचा नकार काकांच्या नकाराइतकाच ऐकून घेणं आणि त्याला तितकंच नीट उत्तर देणं, असं मला वाटतं. धरून टोचणं ही बरोबरी नाही. "त्याला काय कळतंय" म्हणून सोडून देणं हीसुद्धा नाही.

कोरोनाची धावपळ संपली. पण उद्या असा कोणी कुत्र्यानं चावला म्हणून रेबीजच्या लसीला गेला, तर सगळे डोस पूर्ण झाले का हे कोण पाहणार? महिन्याच्या गोळ्या आणायला तो जातोच. तिथेच कोणी लसींची चौकशी केली तर केवढं काम होईल!

असो. तुमच्याही घरात, नात्यात असा एखादा दादा किंवा ताई असेल. लसीबद्दल त्यांना काय वाटतं, हे तुम्ही कधी विचारलंय?