आधी पाणी तरी विचारा!

आपल्याकडे पाहुणा दारात आला की आधी पाणी विचारतात. तो चप्पल काढत असतानाच 'स्लॅबमध्ये लोखंड किती टाकलंय माहितीये?' असं कुणी ऐकवत नाही. प्रोग्रॅमिंग लँग्वेजच्या वेबसाइट मात्र वर्षानुवर्षं नेमकं हेच करत आल्या आहेत, बॉस!

'रस्ट' घ्या. २०१८ पर्यंत तिच्या होमपेजवर पहिल्याच वाक्यात सगळा बायोडेटा असायचा. ही सिस्टिम्स लँग्वेज आहे, सुसाट पळते, सेगफॉल्ट होऊ देत नाही, थ्रेड सेफ्टीची गॅरंटी देते. जाणकार खूश. बाकीचे? (सेगफॉल्ट म्हणजे प्रोग्रॅमने आपली नसलेली मेमरी चाचपायची आणि ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला तिथेच आडवं करायचं.) ज्याला हे आधीच ठाऊक आहे, त्याच्यासाठीच ती पाटी होती.

डिसेंबर २०१८ मध्ये साइट बदलली. नव्या पाटीचा अर्थ साधारण असा : कुणालाही भरवशाचं आणि वेगवान सॉफ्टवेअर बनवता यावं, यासाठीची भाषा. त्यातला 'कुणालाही' हा शब्द मला जाम आवडला. पण त्याच फटक्यात होमपेजवरचा कोडचा नमुना गायब झाला आणि जुनी मंडळी वैतागली. भाषेच्या साइटवर भाषाच नाही? मी त्यांच्या बाजूने आहे. फोटो न बघता स्थळ कोण पसंत करतं?

अर्थात फोटोही बरा हवा ना! 'हॅस्केल'च्या साइटचा २०१५ च्या सुमाराला मेकओव्हर झाला, तेव्हा वरच मूळ संख्या काढणारा इवलासा कोड झळकला. दिसायला एकदम देखणा. त्यावर तज्ज्ञांचा वाद काय, तर ही एराटोस्थेनिसची खरी चाळणी नव्हेच! नवख्याचा प्रश्न त्याहून साधा असतो. मूळ संख्या घेऊन मी करू काय?

माझ्या ऑफिसात अकाउंट्सला एक मैत्रीण आहे. दर महिनाअखेरीला चौदा ब्रँचच्या एक्सेल शीट्स एकात एक चिकटवत रात्री नऊपर्यंत बसते. हे काम प्रोग्रॅम करू शकतो, हे तिने ऐकलंय. अशी माणसं एका लँग्वेजच्या साइटवर जातात, अर्ध्या मिनिटात खिडकी बंद करतात आणि 'हे आपलं काम नाही' असं स्वतःबद्दलच ठरवून टाकतात. साइटला कुणीच नावं ठेवत नाही.

या बाबतीत 'पायथॉन'ला मी जरा जास्त मार्क देते. २०१४ च्या नव्या साइटवर होमपेजवरच एक बटण आलं. दाबलं की ब्राउझरमध्येच पायथॉन सुरू. डाउनलोड नाही, इन्स्टॉल नाही, आयटीवाल्यांची परवानगी नाही. शेवटचा मुद्दा ऑफिसच्या लॅपटॉपवाल्यांना लगेच कळेल. २०२१ च्या ३.१० व्हर्जनपासून तर नावाचं स्पेलिंग चुकलं की पायथॉन 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का?' असंही विचारतो.

तरी एक मेख आहेच. 'नवीन' माणसं दोन प्रकारची असतात. जावा कोळून प्यायलेला इंजिनीअर पायथॉनला नवीन, आणि माझी मैत्रीण प्रोग्रॅमिंगलाच नवीन. पायथॉनच्या अधिकृत ट्युटोरियलमध्ये आता स्पष्ट म्हटलंय की ते पहिल्या प्रकारच्यांसाठी आहे. प्रामाणिकपणा आवडला. पण मग दुसरीला सोफ्यावर नेऊन बसवणारं दारातच कुणीतरी हवं ना?

मला विचाराल तर पहिल्याच पानावर एक ओळ हवी : 'चौदा एक्सेल फाइल्स एकत्र करायच्यात?' खाली पाच-सहा ओळींचा कोड, शेजारी नमुन्याच्या फाइल्स आणि 'चालवून बघा'चं बटण. थ्रेड सेफ्टी जेवणानंतर सांगा. महिनाअखेर सहा दिवसांवर आलीये.